पंचाहत्तर मैलांची वेस

नाशिकच्या आडगाव नाक्यावर ट्रकड्रायव्हरला 'काय करतोस' असं कुणी विचारत नाही. 'लोकल का लाइन?' एवढंच विचारतात. लोकल म्हणजे सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा माल, दिंडोरीकडची द्राक्षं, पिंपळगाव-लासलगावचा कांदा गोडाऊनपर्यंत, नाही तर मनमाडजवळच्या पानेवाडीतून भरलेला डिझेलचा टँकर. रात्री उशिरा का होईना, माणूस घरी येतो. लाइन म्हणजे दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी. पंधरा-वीस दिवस, परतीचं भाडं मिळालं नाही तर महिनाही.

या जिल्ह्यातल्या रस्त्यांचा इतिहास मी काही वर्षं जमवतो आहे. घाटांची, पुलांची कागदपत्रं सापडतात; गाडी चालवणाऱ्याची सापडत नाहीत. म्हणून ट्रक टर्मिनसवर जाऊन बोलत बसतो. लोकल आणि लाइन यांत निवड कशी केलीत, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: 'ज्याचा त्याचा स्वभाव, काका. कुणाला घर लागतं, कुणाला रस्ता.'

उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण मला ते अपुरं वाटतं. घर आणि रस्ता यांच्यामधली रेघ ड्रायव्हरांनी ओढलेली नाही. ती आधी रेल्वेने ओढली, मग सरकारने, आणि आता ती मालकाच्या हातात आहे.

रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बाजूला जायचा तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून, आणि आग्रा रस्ता सुधारल्यावर बैलगाड्यांतून. थळ घाट उतरायचा, माल टाकायचा, मीठ भरून परत चढायचं. ही त्या काळची लाइनच. 1865 मध्ये थळ घाटातून इगतपुरीपर्यंत रेल्वे आली आणि लांबची वाहतूक गाडीवानाच्या हातून गेली. बैलगाडी संपली नाही, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. तिला नवं काम मिळालं: गाव ते स्टेशन. मनमाड, लासलगाव, नाशिकरोड ही स्टेशनं गाड्यांनी गजबजली. खुद्द नाशिक शहरापासून स्टेशन इतकं लांब, की पुढे प्रवाशांसाठी घोड्यांची ट्राम टाकावी लागली. आज आपण ज्याला लोकल म्हणतो, तो धंदा अशा रीतीने रेल्वेच्या उरलेल्या जागेत जन्माला आला.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारलॉऱ्या आल्या आणि त्यांनी ही जागा ओलांडायला सुरुवात केली. मंदीच्या वर्षांत रेल्वेचं उत्पन्न घटलं, तेव्हा सरकारला लॉरी डोळ्यांत खुपू लागली. रस्ता आणि रेल्वे यांच्या स्पर्धेवर मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांचा अहवाल 1933 मध्ये निघाला. 1939 चा मोटार वाहन कायदा आला आणि परमिट ही वस्तू अस्तित्वात आली. एका विभागाचं परमिट दुसऱ्या विभागात चालवायचं तर तिथल्या प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी हवी. 1945 मध्ये जी तत्त्वसंहिता ठरली, तिचा गाभा असा, की 75 मैलांच्या आत लॉरीने मोकळेपणी फिरावं. त्यापुढे जायचं असेल तर रेल्वेचा विचार आधी.

नकाशा घेऊन बसा. नाशिकपासून रस्त्याने 75 मैल, म्हणजे सुमारे 120 किलोमीटर मोजा. मालेगाव आत येतं. मनमाड, येवला, संगमनेर आत येतात. धुळे बाहेर, पुणे बाहेर, आणि मुंबईसुद्धा बाहेर! ज्या शहराशी नाशिकचा रोजचा व्यवहार, ते कागदावर 'लांबचं' ठरलं. भिवंडीसुद्धा वेशीपलीकडे. तेव्हाच्या ड्रायव्हरपुढे स्वभावाचा प्रश्नच कुठे होता? मालकाकडे कोणतं परमिट आहे, यावर तो रात्री कुठे झोपणार हे ठरत होतं.

हे बंधन हळूहळू सैल झालं. 1959 मध्ये मिनू मसानी यांच्या समितीने रस्ता-वाहतुकीवरच्या निर्बंधांचा विचार केला. 1974 मध्ये रेल्वेचा मोठा संप झाला आणि 1975 मध्ये नॅशनल परमिटची योजना आली. सुरुवातीला ही परमिटं मोजकीच होती, त्यामुळे ज्याला मिळालं त्याने ते शब्द गाडीच्या कपाळावर रंगवून घेतले. 1988 चा नवा कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि परमिटाची टंचाई संपली. पंजाबी आणि हरियाणवी गाड्यांच्या बरोबरीने आपल्याकडचे पोरगेही गुवाहाटीपर्यंत जाऊ लागले ते प्रामुख्याने त्यानंतर.

आता तासांकडे वळतो. मला या विषयात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. 1939 च्या कायद्यातही तासांची मर्यादा होती: सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्याला 54. पुढे 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा आला. त्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास. लांबच्या मार्गावर परवानगीने दहा आणि 54. म्हणजे लोकल आणि लाइन हा भेद कायद्याने मानला होता. पण हा कायदा लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक ढिगाने आहेत. त्यांच्याकडचा ड्रायव्हर या कायद्याच्या खिजगणतीत नव्हता. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत आणि मागे आडवं होण्यापुरती जागा हवी, असा नियम होता. 2018 मध्ये दोन ड्रायव्हरांची सक्ती काढली गेली. किन्नर तर त्याआधीच कमी झाले होते. आता टपावर चढून ताडपत्री बांधणारा, पहाटे तीनला टायर तपासणारा आणि स्टिअरिंगवर बसणारा माणूस एकच असतो.

मग लाइनवर कुणी का जातं? पैशासाठी. लोकलला ठरलेला पगार किंवा खेपेचे पैसे. लाइनला पगारावर रोजचा भत्ता, आणि जपून चालवलं तर डिझेलमधली बचत. लोकल म्हणजे आराम, अशी समजूत असेल तर तीही सोडावी. कारखान्याच्या गेटबाहेर सहा-सहा तास नंबर लावून बसणं कुणी कामात धरत नाही. शहरात जड वाहनांना दिवसा बंदी, म्हणून रात्री खाली करायचं.

जुन्या माणसांची एक वाट ठरलेली होती: विशी-तिशीत लाइन, मुलं दहावीला आली की लोकल. ही वाट आता अरुंद झाली आहे. 2005 मध्ये टाटांचा 'छोटा हत्ती' आला आणि शहरातल्या खेपा कर्ज काढून स्वतःची गाडी घेतलेल्या पोरांकडे गेल्या. त्यातच एड्स-प्रतिबंधाच्या मोहिमेत लांब पल्ल्याचा ड्रायव्हर हा रोग पसरवणारा दुवा म्हणून सरकारी यादीत गेला. आरोग्याच्या दृष्टीने कारण असेल, पण त्याची किंमत लग्नाच्या बाजारात मोजली गेली. स्थळ सांगताना 'ड्रायव्हर आहे, पण लोकलला' हा 'पण' मी सिन्नर-निफाडकडे अनेकदा ऐकला आहे.

जानेवारी 2024 च्या सुरुवातीला पानेवाडीचे टँकर उभे राहिले. अपघात करून, न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, अशी तरतूद नव्या न्यायसंहितेच्या कलम 106(2) मध्ये होती. जमाव मारील म्हणून पळावं लागतं, हे ड्रायव्हरांचं म्हणणं. अनोळखी मुलखात रात्री अपघात होण्याची ही भीती खरं तर लाइनवाल्याची. पण चाकं थांबवली ती पंपांना इंधन पोचवणाऱ्या टँकरवाल्यांनी, आणि पंपांवर रांगा लागल्या. संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. निदान त्या दोन दिवसांत लोकल-लाइन असा भेद कुणी केला नाही.

जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. कसारा घाट टाळून गाडी थेट भिवंडीजवळ उतरते. त्यामुळे आडगावला नवा वाद ऐकू येतो. सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, तेव्हा मुंबईची खेप लोकलच, असं काही मालक म्हणतात. ड्रायव्हर म्हणतात, लाइन. 1945 मध्ये मुंबई वेशीबाहेर होती. आता ती आत घ्यायची की नाही, यावर त्या दिवसाचा भत्ता मिळणार की नाही हे अवलंबून आहे.