पोटात कळ, डोळे पिवळे: सोनोग्राफीनंतर पुढं कोणती तपासणी?

नंदगड : पोटात वरच्या बाजूला कळ उठली की पहिलं निदान घरातच होतं, ‘पित्त झालंय’. मग सोडा, मग गोळी. कळ पाठीकडे सरकली, उलट्या थांबेनात, की खानापूर आणि तिथून बेळगाव. तिथं सोनोग्राफी, सीटी, एमआरसीपी, ईआरसीपी अशी नावं कानावर पडतात आणि घरचे गोंधळतात. शेवटची दोन ऐकायला सारखी, कामं मात्र अगदी वेगळी.

सुरुवात सोनोग्राफीनं होते, शक्यतो सहा-आठ तास उपाशीपोटी. पित्ताशयातले खडे आणि फुगलेली पित्तनलिका तिच्यात चांगली दिसते. पण स्वादुपिंड जठराच्या मागं असतं. आतड्यात वायू भरला की ते झाकलं जातं, नलिकेच्या खालच्या टोकाचा खडाही सुटू शकतो. त्यामुळं ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणजे आजार नाही, असं नव्हे.

ठराविक कळ आणि रक्तात लायपेज किंवा अमायलेज तिपटीहून जास्त असेल तर स्वादुपिंडाच्या सुजेचं निदान तिथंच होतं. ‘लगेच सीटी काढा’ असा नातेवाईकांचा आग्रह असतो, पण स्वादुपिंडाचा किती भाग निकामी झाला ते साधारण तीन दिवसांनंतरच नीट कळतं. निदानाची शंका असेल तर डॉक्टर आधीही काढतात. कॉन्ट्रास्ट देण्याआधी क्रिएटिनिन बघतात.

एमआरसीपी म्हणजे चुंबकाच्या मशीनमधून नलिकांचा फोटो. दुर्बीण नाही, बहुधा इंजेक्शनही नाही. पेसमेकर असल्यास आधी सांगावं. अगदी बारीक खडे शोधायला एंडोस्कोपिक सोनोग्राफी सरस.

ईआरसीपीत तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेऊन नलिकेत औषध सोडतात, एक्स-रे घेतात, खडा काढतात, स्टेंट बसवतात. या प्रक्रियेनंच शंभरातल्या तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. म्हणून नुसतं ‘बघायला’ ती आता करत नाहीत. मात्र काविळीबरोबर थंडी वाजून ताप आला तर नलिकेत जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा झाडपाल्याच्या औषधात दिवस घालवू नयेत. तिथं ईआरसीपीच जीव वाचवते.

प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. दुखायचं थांबलं की लोक विसरतात, स्टेंट तुंबतो, कावीळ परत येते. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहून घ्यावी. पुढं गोव्याला किंवा कोल्हापूरला दाखवायचं झालं तर नुसता कागद नव्हे, स्कॅनची सीडीही सोबत न्यावी.