कोंडवाडा, बिल्ला आणि माग: पुण्यातील हरवलेल्या कुत्र्यांचा इतिहास

हरवलेल्या जनावराचा शोध घेण्याची व्यवस्था पुण्यात जुनी आहे. हरवलेल्या कुत्र्याचा शोध मात्र त्या मानाने बराच अलीकडचा आहे. जनावर हरवले असे म्हणायचे तर ते कोणाचे तरी आहे, हे आधी समाजाने आणि सरकारदफ्तराने मान्य केलेले असावे लागते, आणि गाय, बैल किंवा घोडा यांच्याबाबत ही गोष्ट जितक्या सहज मान्य झाली तितक्या सहज ती कुत्र्याच्या बाबतीत झाली नाही. पेठेतल्या आळीत वावरणारा कुत्रा, लष्कर भागातील बंगल्यात पाळलेला कुत्रा आणि आजच्या सदनिकेत वाढलेला कुत्रा यांच्या नाहीसे होण्याचा अर्थ पुण्याने वेगवेगळ्या काळी वेगवेगळा लावला, आणि त्या अर्थावरच त्या जनावराचे पुढचे दैव ठरत आले.

पेशवाईतील पुणे पेठांचे होते. पेठेत आळ्या, आळीत वाडे आणि वाड्याला दिंडीदरवाजा अशी त्याची रचना होती. या रचनेत कुत्र्याची जागा बहुधा उंबरठ्याच्या बाहेर असे. वैश्वदेव, म्हणजे जेवणापूर्वी देवता व भूतमात्रांना अन्नाचा वाटा देण्याचा नित्यविधी, यात कुत्र्यासाठी बळी काढून ठेवण्याचा संकेत होता. दत्ताच्या पायाशी चार कुत्री होती, भैरवाचे वाहन कुत्रा होते आणि जेजुरीच्या खंडोबाच्या परिवारातही त्याला मानाचे स्थान होते. एवढा मान असूनही घरात घेऊन पाळण्याचा तो प्राणी नव्हता. त्याला आळीने खाऊ घालावे आणि त्याने रात्री आळीवर भुंकावे, असा हा अलिखित करार होता, आणि अशा कुत्र्याला कोणी एक धनी नसल्यामुळे तो चार दिवस दिसला नाही तरी त्याच्यासाठी कोणी चावडीवर वर्दी देत नसे. राजदरबारची गोष्ट निराळी होती. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याने त्यांना वाघापासून वाचवले आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी परंपरागत कथा असून संगम माहुली येथील समाधी त्याचीच असल्याचे सांगितले जाते. परंतु ज्याला पालखी मिळते त्याच्यावर नजर ठेवायला माणसेही असतात, म्हणून ते उदाहरण सर्वसामान्य मानता येत नाही.

जनावराचा शोध घेण्याची विद्या मात्र त्या काळी चांगलीच विकसित होती. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढण्याच्या पद्धतीचे वर्णन आहे. माग म्हणजे जमिनीवर उमटलेल्या खुणांची साखळी. जागल्या हा माग आपल्या शिवेपर्यंत नेई, तो दुसऱ्या गावाच्या हद्दीत शिरला की तेथील जागल्याच्या हवाली करी, आणि ज्या गावात माग विरून जाई त्या गावावर नुकसानीची जबाबदारी येई. चोरीला गेलेल्या बैलाच्या बाबतीत ही पद्धत फार उपयोगी पडे, कारण खुराचा ठसा ओल्या मातीत ठळक उमटतो आणि बैलाची किंमत ठरलेली असते. कुत्र्यासाठी जागल्याला शिवेपर्यंत धावायला लावणे कोणाच्या मनातही आले नसेल.

इंग्रजी अमलात ही मौखिक व्यवस्था कागदावर आली, पण कुत्र्याचा तिच्यात समावेश झाला नाही. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने कोंडवाड्यांना एकसारखे स्वरूप दिले. कोंडवाडा म्हणजे मोकाट सापडलेली गुरे कोंडून ठेवण्याची सरकारी जागा; तेथे राखणदार असे, आलेल्या जनावराची नोंद वहीत होई, मालक दंड व चारापाण्याचा खर्च भरून आपले जनावर सोडवून नेई, आणि कोणी पुढे आलेच नाही तर त्याचा लिलाव होई. या कायद्याने ‘गुरे’ या सदरात हत्ती, उंट, म्हशी, घोडे, शिंगरे, खेचरे, गाढवे, डुकरे, मेंढ्या व शेळ्या यांचा स्पष्ट समावेश केला आहे. डुकरापर्यंत उतरलेली ही यादी कुत्र्यापाशी थांबते, आणि त्यामुळे हरवलेल्या गाढवाच्या मालकाला विचारपूस करण्यासाठी जे एक ठिकाण होते, ते हरवलेल्या कुत्र्याच्या मालकाला नव्हते.

ते ठिकाण प्रथम निर्माण झाले ते लष्कर भागात. पुण्याचे कॅन्टोन्मेंट, म्हणजे लष्करी छावणीची स्वतंत्र कारभार असलेली वस्ती, १८१७ मध्ये वसले आणि त्याच सुमारास खडकीचीही छावणी उभी राहिली. येथील बंगल्यांतून विलायतेहून आणलेली टेरियर, स्पॅनियल वगैरे जातिवंत कुत्री येऊ लागली. कोल्ह्यांची शिकार करण्यासाठी पुणे आणि खडकीच्या नावाने शिकारी कुत्र्यांचा एक ताफाही बाळगला जाई. या कुत्र्यांना नावे होती, किंमत होती, वंशावळी होत्या आणि गळ्यात पट्टे होते, म्हणून त्यांतले एखादे नाहीसे झाले तर ते ‘हरवले’ असे म्हणता येत होते. १९२४ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने छावणीच्या मंडळाला कुत्र्यांच्या नोंदणीचे उपनियम करण्याचा अधिकार दिला. नोंदलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला मंडळाने दिलेला धातूचा बिल्ला असावा, बिल्ल्याशिवाय सार्वजनिक जागी सापडलेले कुत्रे त्यासाठी राखलेल्या जागी अडकवून ठेवावे, आणि एका आठवड्याच्या आत मालकाने येऊन शुल्क भरले नाही तर ते मारून टाकावे किंवा त्याची अन्य विल्हेवाट लावावी, असे या तरतुदीचे स्वरूप होते. पैशाएवढ्या धातूच्या तुकड्याला यामुळे विलक्षण महत्त्व आले. पट्ट्याची कडी झिजून बिल्ला गळून पडला तर घरंदाज कुत्रे आणि बेवारस कुत्रे यांत कायद्याच्या दृष्टीने काहीच अंतर उरत नसे. त्या सात दिवसांत मालकाला बातमी लागणे न लागणे, यावर जनावराचे जगणे अवलंबून होते.

या कठोरपणाला कारण होते ते अलर्क रोगाचे, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून होणाऱ्या रेबीजचे. लुई पाश्चरने १८८५ मध्ये यावरील लस माणसाला प्रथम टोचली, तरी हिंदुस्थानातील पहिली पाश्चर संस्था कसौलीला १९०० साली निघाली, आणि तोपर्यंत चावा बसलेल्या माणसाला देशात आधुनिक उपचार मिळणे दुरापास्त होते. तेव्हा कुत्री मारणे हाच रोगाला आळा घालण्याचा उपाय सरकारला दिसे. लोकांना तो नेहमीच पटत होता असे मात्र नाही. मुंबईत जून १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालू असताना किल्ल्याच्या परिसरात दंगा उसळला; पुढाकार पारशांचा होता, कारण त्यांच्या अंत्यसंस्कारात मृतदेहाला कुत्र्याचे दर्शन घडवण्याचा विधी आहे. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावल्यामुळे शिपाई पाळलेल्या कुत्र्यांनाही सोडत नाहीत, अशी त्या वेळची तक्रार होती. ज्या यंत्रणेला संख्येवर पैसे मिळतात तिला हरवलेले आणि मोकाट यांतला भेद परवडत नाही, हे त्या प्रकरणात उघड झाले.

पुणे शहराच्या हद्दीत बिल्ल्याची ही पद्धत सावकाश आली. महानगरपालिका १९५० मध्ये अस्तित्वात आली. ज्या १९४९ च्या कायद्याखाली ती चालते त्यात महापालिकेने बसवता येणाऱ्या करांमध्ये कुत्र्यांवरील कराचाही उल्लेख होता. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने ठरावीक मुदतीत रस्त्यावर सापडणारी भटकी कुत्री मारण्याचे जाहीर फर्मान काढण्याचा अधिकार पोलीस प्रशासनाला दिला. शोधाचे खरे साधन या काळात सरकारी राहिले नाही, ते वर्तमानपत्राचे झाले. पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून निघत होते आणि १ जानेवारी १९३२ रोजी ‘सकाळ’ सुरू झाला. त्यातील छोट्या जाहिराती पुढे पुणेकरांच्या रोजच्या वाचनाचा भाग बनल्या. कुत्रा हरवल्याच्या जाहिरातीचा साचा ठरून गेला: जात, रंग, हाक मारण्याचे नाव, कोठून नाहीसा झाला ते ठिकाण, आणि शेवटी ‘आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस दिले जाईल’ हे वाक्य. घरोघरी फोन नसल्याने खाली शेजाऱ्याचा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानाचा पीपी नंबर असे, आणि त्यामुळे कुत्र्याचा शोध हा आपोआप साऱ्या गल्लीचा उद्योग होऊन बसे. वाडे पडून सदनिका आल्यावर आणि मध्यमवर्गाच्या घरात पामेरियन शिरल्यावर अशा जाहिरातींची गरज वाढली, कारण दाराआड वाढलेल्या या कुत्र्यांना स्वतःच्या इमारतीबाहेरचा रस्ता माहीत नसे.

कुत्री पळण्याचा एक हंगाम असतो, आणि पुण्यात तो पावसाळा सरता सरता सुरू होऊन थंडीपर्यंत चालतो. भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना म्हणून मराठी माणसाला परिचित आहे. या दिवसांत पाळलेला नरसुद्धा साखळी तोडून मादीच्या मागे लांबवर जातो, आणि गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्यामुळे भटक्या कुत्र्यांची पिल्ले नेमकी थंडीच्या तोंडावर जन्मतात. त्यातच दिवाळी येते. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, त्यामुळे फटाक्यांच्या माळेने त्याची जी अवस्था होते तिची कल्पना माणसाला नीटशी येत नाही. गच्चीचे दार किंवा जिन्याची जाळी उघडी राहिली की घाबरलेला कुत्रा वाट फुटेल तिकडे पळतो.

पुण्याची थंडी कोरडी असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंची, निरभ्र आकाश आणि कोरडी हवा यांमुळे जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते, गार झालेली जड हवा मुठेच्या पात्रात आणि पाषाणसारख्या सखल भागांत साठते, आणि शहराच्या मध्यभागापेक्षा तेथे पहाट अधिक बोचरी होते. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून शिवाजीनगरची ती इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ या नावाने ओळखली जाते. शहरातील नीचांकी तापमानाची, १.७ अंश सेल्सिअसची, नोंद १७ जानेवारी १९३५ ची आहे. दाट केसांच्या कुत्र्याला असा गारठा सोसतो, पण आखूड केसांचा, म्हातारा किंवा भिजलेला कुत्रा एका रात्रीत काकडून जातो आणि ऊब शोधू लागतो. चहाच्या टपरीची विझत आलेली भट्टी, रखवालदारांची शेकोटी, नुकत्याच थांबलेल्या मोटारीचे इंजिन आणि बांधकामावरचा वाळूचा ढीग या जागा भटक्या कुत्र्यांच्या ठरलेल्या असतात, म्हणून अनुभवी माणसे हरवलेल्या कुत्र्याची चौकशी पहाटे तेथूनच सुरू करतात. गार, स्थिर हवेत वास जमिनीलगत टिकून राहतो आणि ऊन चढले की तो वर जाऊन विरतो, हेही पहाटेच्या शोधाचे एक कारण आहे. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र शिवाजीनगरलाच आहे. वासावरून माणसाचा माग काढायला कुत्र्याला शिकवणाऱ्या या शहरात कुत्र्याचा माग काढण्याचे काम मात्र माणसाच्या डोळ्यांवरच राहिले.

घाबरलेल्या जनावराचा पाठलाग करू नये, हा या शोधातला पहिला नियम आहे, आणि तो मोडला की काय होते ते पुण्याने एका निराळ्या प्राण्याच्या बाबतीत पाहिले आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडमधील महात्मा सोसायटीच्या परिसरात एक रानगवा वाट चुकून आला, त्याच्यामागे गर्दी लागली, कित्येक तास तो धावत राहिला आणि पकडल्यानंतर मरण पावला. पळालेल्या कुत्र्याच्या मनात त्या क्षणी हाच भयगंड असतो. ओळखीचा माणूसही धावत आला तर तो त्याला ओळखत नाही. वेताळ टेकडीवर सुटलेल्या कुत्र्यासाठी म्हणूनच मालकाचा वापरलेला सदरा किंवा कुत्र्याचे अंथरूण त्याच जागी ठेवून, अंधार पडल्यावर दूर शांत बसण्याचा सल्ला दिला जातो.

कायद्याने कुत्रा मारण्याची वाट डिसेंबर २००१ मध्ये बंद केली. प्राणी जन्मनियंत्रणाच्या त्या नियमांनी कुत्र्यांचे पाळीव आणि रस्त्यावरचे असे दोन वर्ग केले, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला पकडल्यास नसबंदी व लसीकरण करून जेथून उचलले तेथेच परत सोडावे असे ठरवले. १० मार्च २०२३ च्या नव्या नियमांत हे तत्त्व कायम आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात, त्यामुळे ज्याला धनी नाही त्याच्या अंगावर आता कायमची खूण असते, तर पाळलेल्या कुत्र्याची ओळख अजूनही निसटणाऱ्या पट्ट्यावर, महापालिकेच्या परवान्यावर किंवा कातडीखाली बसवलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या मायक्रोचिपवर अवलंबून आहे. या चिपमधील क्रमांक वाचण्यासाठी खास यंत्र लागते. बिनपट्ट्याचा पाळीव कुत्रा कोंढव्यात हरवून हडपसरला सापडला आणि गाडीने उचलला, तर नियमाप्रमाणे त्याला हडपसरलाच सोडले जाते. म्हणून शोध घेणाऱ्याला आपल्या भागातील नसबंदी केंद्राबरोबरच शेजारच्या भागांतून उचललेल्या कुत्र्यांची नोंदही पाहावी लागते, आणि तीही दोन-चार दिवसांत, शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती संपून गाडी पुन्हा निघण्याच्या आत.