कर्नेल अपडेट झालं की स्क्रीन काळी का पडते?

जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांचे सिग्नल एकत्र करायला एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं वापरली जातात. अशा कार्डाचा एनव्हिडियाने बनवलेला ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्ये नसतो. तो बाहेरून जोडावा लागतो.

कर्नेल (लष्करातला कर्नल नव्हे) म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधला मुकादम. मॉड्यूल हा त्याला जोडायचा तुकडा. तो ज्या आवृत्तीसाठी बनवला, सहसा तिच्यावरच बसतो. कर्नेल बदललं की जुना तुकडा नाकारला जातो आणि घरच्या लॅपटॉपवर कधी थेट काळी स्क्रीन दिसते.

स्वयंसेवकांनी चालवलेल्या डेबियनमध्ये यावर डीकेएमएस आहे. पॅकेजसोबत जोडणीचा सोर्स कोड येतो आणि नवं कर्नेल आलं की मॉड्यूल तुमच्याच संगणकावर पुन्हा तयार होतं. फेडोरा असली मॉड्यूल आपल्या भांडारात घेतच नाही. ते काम आरपीएम फ्युजन हा वेगळा समूह ‘एकेमॉड’ पॅकेजांतून करतो. वापरणाऱ्याला हे जाचक वाटतं, पण बंद कोडमधली चूक स्वयंसेवकांनी दुरुस्त करायची तरी कशी?

दोन गोष्टी आधीच तपासाव्यात. कर्नेल हेडर्सचं पॅकेज नसेल तर मॉड्यूल तयारच होत नाही. आणि सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवर डिजिटल सही लागते; त्या सहीची की रीस्टार्टच्या वेळी निळ्या पडद्यावर एकदा नोंदवावी लागते. घाईत तो पडदा बंद केला, तर तयार झालेलं मॉड्यूलही लोड होत नाही.