आतड्यांच्या दाहक विकारातील परिचर्या

आतड्यांच्या दाहक विकारातील परिचर्या म्हणजे क्रोन रोग आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारांच्या रुग्णांना विशेष प्रशिक्षित परिचारिकांकडून मिळणारी सेवा होय. हे विकार दीर्घकालीन असून त्यांत लक्षणे शमण्याचे व पुन्हा उफाळण्याचे काळ आलटूनपालटून येतात. त्यामुळे औषधे व शस्त्रक्रिया यांबरोबरच दोन तपासण्यांमधील काळात मिळणाऱ्या मदतीलाही महत्त्व असते.

स्वरूप

परिचारिका रुग्णाला विकाराची व उपचारांची माहिती देते. बरे वाटू लागल्यावर अनेक रुग्ण मेसालाझिनसारखी औषधे बंद करतात आणि त्यामुळे विकार उलटण्याचा धोका वाढतो. हे टाळणे समुपदेशनाचा एक प्रमुख हेतू असतो. अझाथायोप्रीन घेणाऱ्यांच्या पांढऱ्या रक्तपेशी व यकृताचे कार्य यांवर नियमित रक्ततपासणीद्वारे लक्ष ठेवले जाते. इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक औषधे सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते, कारण या औषधांमुळे तो जागृत होऊ शकतो. थकवा, शौचाची अनावर निकड, गर्भधारणेविषयीच्या शंका आणि शस्त्रक्रियेनंतर पोटावर केलेल्या कृत्रिम मलमार्गाची निगा हे विषयही या सेवेत येतात. अनेक रुग्णालयांत दूरध्वनीवरून सल्ला दिला जातो. लक्षणे उफाळू लागताच संपर्क साधता आल्यास उपचार लवकर सुरू होऊ शकतात.

परिणामांविषयीचे पुरावे

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात निकषांत बसणारी एकच चाचणी आढळली. तीत १०० प्रौढ रुग्ण होते. त्यांपैकी ५० जणांना नेहमीच्या सेवेखेरीज परिचारिकेचे समुपदेशन मिळाले. विकार शमणे, रुग्णालयात दाखल होणे व शस्त्रक्रिया यांविषयीची माहिती या चाचणीत नव्हती. त्यामुळे परिचर्येचा लाभ सिद्ध झाला असेही म्हणता आले नाही आणि ती निरुपयोगी आहे असेही ठरले नाही.

नेदरलँड्समधील ९०९ रुग्णांच्या चाचणीत घरून लक्षणे कळवण्याच्या दूरसेवा पद्धतीची तुलना नेहमीच्या सेवेशी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१७ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. १२ महिन्यांत बाह्यरुग्ण विभागातील भेटी प्रतिरुग्ण सरासरी २.३४ वरून १.५५ इतक्या, तर रुग्णालयातील भरती ०.१० वरून ०.०५ इतकी कमी आढळली. मात्र हा परिणाम संपूर्ण व्यवस्थेचा असल्याने त्यातील परिचारिकांचा वाटा वेगळा काढता येत नाही.

मानके

ब्रिटनमधील २००९ च्या सेवामानकांत २,५०,००० लोकसंख्येमागे किमान १.५ पूर्णवेळ विशेषज्ञ परिचारिका असाव्यात असे नमूद होते. २०१९ च्या मानकांत हे प्रमाण २.५ करण्यात आले. क्रोन रोग व कोलायटिसविषयक युरोपीय संघटनेने परिचारिकांच्या भूमिकेविषयी २०१३ साली सहमतीची विधाने प्रसिद्ध केली. सर्व परिचारिकांकडून अपेक्षित मूलभूत काळजी आणि विशेषज्ञ परिचारिकेची प्रगत भूमिका असा भेद त्यांत केला आहे.