औंधच्या राजाचे डंबेल्स

हेडफोन लावलेत? आज एका राजाची गोष्ट. या माणसाने आधी महागडं फिटनेस किट घेतलं, दहा वर्षं इमानेइतबारे वापरलं, आणि मग ते बाजूला ठेवून बिनपैशाचा व्यायाम धरला.

राजा औंधचा. पुण्यातलं औंध नव्हे हां, जिथे दर चौकात एक जिम आणि एक प्रोटीन शॉप आहे. हे औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं. छोटंसं संस्थान, तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. राजाचं नाव भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८, डेक्कन कॉलेजातून पदवी, चित्रकलेचा नाद. गादीवर आले १९०९ मध्ये.

पण आपली गोष्ट सुरू होते १८९७ मध्ये. बाळासाहेब तेव्हा एकोणतीसच्या आसपास, म्हणजे साधारण आपल्याच वयाचे. त्या काळात युजीन सँडो नावाचा पैलवान जगभर गाजत होता. आजच्या भाषेत सांगायचं तर पहिला फिटनेस इन्फ्लुएन्सर! पिळदार शरीराचे फोटो, पुस्तकं, स्वतःचं मासिक, स्वतःच्या नावाचे डंबेल्स. १९०१ मध्ये त्याने लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली, तेव्हा परीक्षकांत शेरलॉक होम्सचा लेखक कॉनन डॉयल होता. आधी शरीर दाखवायचं, मग सामान विकायचं. बिझनेस मॉडेल तेव्हापासून तेच आहे, फक्त स्क्रीन आली.

बाळासाहेबांनी सँडोची सगळी साधनं आणि पुस्तकं मागवली, आणि पुढची दहा वर्षं त्याच्या सूचनांप्रमाणे नियमित व्यायाम केला. हा भाग मला फार आवडतो. आपल्यासारखं जानेवारीत भरायचं आणि मार्चमध्ये सोडायचं, असं नाही. त्यामुळे पुढे त्यांनी मत बदललं त्याला वजन आहे. सँडो सोडणारा हा माणूस आळशी नव्हता, आणि त्याला पैशांची चणचणही नव्हती.

१९०८ च्या सुमारास मिरजेच्या राजेसाहेबांनी त्यांना सूर्यनमस्कारांचा आग्रह केला. सूर्यनमस्कार काही बाळासाहेबांनी शोधून काढले नाहीत, महाराष्ट्रात ते आधीपासून घातले जात होते. त्यांनी केलं ते वेगळंच. दहा स्थितींचा ठरावीक क्रम बसवला, पुस्तक लिहिलं, गावोगाव सांगत फिरले आणि संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले. १९३८ मध्ये लंडनमध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’. म्हणजे सँडोचं सामान ज्या देशातून यायचं, तिथेच हा राजा उलटा माल घेऊन गेला. फरक एवढाच की त्याच्या व्यायामासोबत विकायला डंबेल नव्हता.

आता इंजिनियरच्या नजरेने बघा. एका शाळेत शंभर पोरं. शंभर डंबेल्स घ्यायचे तर तिजोरी उघडावी लागते. सूर्यनमस्काराला लागते आपल्या उंचीएवढी जमीन. त्यात पुढे वाकणं आलं, हातांवर शरीर तोलणं आलं, छाती टेकवून परत वर येणं आलं. थोडक्यात, एक जोर आणि पाठीचा ताण एकाच फेरीत. गती वाढवली की धापही लागते. आपल्या दहा बाय दहाच्या रूममध्येही हे बसतं, पार्टनरचा पलंग थोडा सरकवावा लागेल एवढंच.

पहिल्यांदा करणाऱ्याने पाच घालावेत, सावकाश. मनगट किंवा कंबर आधीपासून दुखत असेल, बीपी असेल, तर डॉक्टरांना विचारून. दोन आठवडे पाचच. मग दोन-दोनने वाढवा आणि जोडीला दहा बैठका घ्या. पहिल्या दिवशी एकशे आठ घालून स्टोरी टाकणारे तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतात.

पण एक गोष्ट राजाला जाणवली असेल-नसेल, आपल्याला जाणवायला हवी. जमीन फुकट आहे, पोट फुकट नाही. शाळेत नमस्कार घालणाऱ्या पोराला घरी गेल्यावर काय मिळत होतं?

हे तालमीतल्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. कोल्हापूरची तालीम बघा: लाल मातीचा हौदा, लंगोट, शिकवायला वस्ताद. यात खर्च तसा कमीच. खर्च खुराकाचा. दूध, तूप, बदाम, थंडाई. म्हणून पैलवानाला आश्रय लागायचा, आणि शाहू महाराजांनी तो मनापासून दिला. १९१२ चं खासबाग मैदान त्यांचंच. संस्थानं गेली आणि हा आधारही आटला.

आपल्याला पैलवानाचा खुराक नको, कारण आपण पैलवानाएवढी मेहनत करत नाही. फुटाणे, शेंगदाणे, उसळ, अंडी, सोयाबीन, घरची डाळ एवढ्यावर सुरुवात आरामात होते. डब्यातली पावडर घेण्याआधी महिनाभर हे करून बघा.

खुराकाच्या पुढचा खर्च असतो मैदान गाठण्याचा. याच सातारा जिल्ह्यातल्या, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना विचारा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, तरी पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. १९५२ चे सात हजार!

खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती संपल्यावर या ऑलिंपिक पदकविजेत्याने कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढला, आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवून दिलं.