लष्करच्या सराफ्यातील बारीक तारा

1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ कायम केला, त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले आणि त्याच शहरात सराफा बाजार नांदू लागला. तेथील पेढ्यांची भिस्त प्रारंभी जाड भिंती, कुलपे आणि पहारेकरी यांच्यावर होती. खुद्द शिंद्यांची ‘गंगाजळी’देखील किल्ल्याच्या तळघरांत गुप्ततेच्याच भरवशावर सांभाळली जाई.

आज अशा पहाऱ्याला चोरघंटेच्या बारीक तारेची जोड मिळते; वस्तू हलताच विजेच्या मंडलाने प्रतिसाद द्यावा, या तिच्यामागील कल्पनेचे ग्वाल्हेरातील सर्वांत विलोभनीय उदाहरण मात्र बाजारात नव्हे, जयविलास राजवाड्यात आढळते. माधवराव शिंद्यांच्या भोजनाच्या मेजावर धावणारी चांदीची आगगाडी रुळांतून मिळणाऱ्या विजेवर चाले आणि डब्यावरील सुरई उचलताच थांबे. राजेशाही हौस म्हणून तिच्याकडे पाहिले जाते, पण आजच्या चोरघंटेचे तत्त्वही हेच आहे.

1948 मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि त्यानंतर आलेल्या 1956 च्या भारतीय वीज नियमांनी 250 व्होल्टपर्यंतचा दाब ‘लघुदाब’ ठरवला. त्यामुळे 12 व्होल्टची चोरघंटेची तार आणि घरातील 230 व्होल्टची तार एकाच वर्गात बसल्या, जरी त्यांचे धोके अगदी निराळे असले तरी. हा भेद 1985 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली राष्ट्रीय वीज संहिता आणि आयएस 732 हे तारजोडणीचे मानक यांच्या आधारे पाळावा लागतो: संकेताची तार वीजपुरवठ्याच्या तारेपासून वेगळ्या नळीतून न्यावी, आणि दोन्ही एकत्र नेणे भागच असेल तर तिचे विद्युतरोधक आवरणही शेजारच्या सर्वाधिक दाबास पुरेल असे असावे. म्हणजे आवरणाची निवड स्वतःच्या 12 व्होल्टवर नव्हे, शेजाऱ्याच्या दाबावर ठरते, आणि दुकानास दुकान भिडलेल्या सराफ्यात हाच मुद्दा सर्वांत सहज दुर्लक्षिला जातो.

तांब्याच्या जाडीचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे. 0.5 चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध किलोमीटरमागे सुमारे 39 ओहम असतो. तिजोरीपासून 50 मीटरवरील उपकरणापर्यंत जाऊन परतणाऱ्या मार्गात तो 3.9 ओहम होतो, आणि अर्धा अँपिअर प्रवाहास 12 पैकी जवळजवळ 2 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. शिवाय साध्या पीव्हीसीचे आवरण जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सोडते, म्हणून दाट वस्तीत कमी धूर करणारे, ज्वालारोधी आवरण श्रेयस्कर ठरते. लाखोंचे सोने राखणाऱ्या पेढीने या तारेत काटकसर करणे हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार होय.