हौस आणि हिशेब

येवल्याचे सुपुत्र तात्या टोपे यांचे नाव भोपाळच्या टी. टी. नगरास लाभले आहे. १९५६ साली भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाल्यावर सरकारी नोकरांच्या घरांनी हा भाग भरून गेला. अशा वस्तीतील एखाद्या गृहस्थास जुनी, टर्बोचार्जर बसविलेली स्पोर्ट्‌स मोटार घ्यावीशी वाटली, तर तिचा इतिहास आधी जाणून घेणे हिताचे ठरेल.

वेगवान मोटारींचा नाद माळव्यास नवा नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३६ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कारखान्याची मोटार घेतली. तिचा वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग यांनी घडविला होता. तिच्या इंजिनास जास्त हवा पुरविणारा सुपरचार्जर इंजिनाच्याच बळावर फिरे. निर्मात्यांनी तिची शक्ती ३२० अश्वशक्ती सांगितली होती. परंतु १९३७ मध्ये तो कारखानाच बंद पडला. राजाची संपत्ती मोटार विकत घेऊ शकते, कारखान्याचे आयुष्य वाढवू शकत नाही. पुढे ती मोटार अमेरिकेत परत गेली.

टर्बोचार्जरची युक्ती निराळी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राने इंजिनात अधिक हवा कोंबावी, हे तिचे सार. कोंबलेली हवा तापते, आणि इंधन अवेळी पेटण्याची भीती वाढते. १९६२ च्या ओल्डस्मोबाइल जेटफायरमध्ये त्यावर उपाय म्हणून पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून दिले जाई. अनेक मालक ती टाकी भरण्याचेच विसरत. अखेर कंपनीने टर्बोचार्जर काढून साधा कार्बुरेटर बसवून देण्याची सोय केली. पुढे १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो काढली. त्याच वर्षी तेलसंकट आले, आणि अवघ्या १,६७२ गाड्यांवर तिचे उत्पादन थांबले.

या कथांचा निष्कर्ष उघड आहे. असे यंत्र वेगापेक्षा दक्षता अधिक मागते. तेल वेळेवर बदलणे, जोरात धावल्यावर इंजिन थोडे निवू देऊनच बंद करणे आणि विटलेल्या रबरी नळ्या पारखणे, ही कामे चुकता कामा नयेत.

शिवाय कायदा आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील मोटारीची विंटेज म्हणून नोंदणी होते. तिचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. मात्र अशी मोटार प्रदर्शन, संशोधन, मेळावा आणि इंधन वा दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज संध्याकाळी न्यू मार्केटला जाण्यासाठी ती नव्हे.

तेव्हा किंमत परवडते की नाही, हा पहिला प्रश्न नव्हे. वर्षातील बहुतेक दिवस मोटार उभीच राहणार असताना तिची निगा राखण्यात ज्याला आनंद वाटेल, त्याने ती अवश्य घ्यावी. केवळ मिरवण्याची हौस असणाऱ्याने ती प्रदर्शनात पाहून समाधान मानावे.